स्लीप ॲप्निया आणि वजन: तेलाच्या कॅनपासून पुन्हा केलेल्या स्लीप स्टडीपर्यंत

घोरणं चालू असतं तोवर घरच्यांची फक्त झोपमोड होते. ते एकाएकी थांबतं तेव्हा कान टवकारायचे. छाती-पोट हलतंय, पण नाकातोंडातून हवा जात नाही. दहा, वीस, कधी तीस सेकंद खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मग खस्सकन ओढलेला श्वास, एक कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. तोंडाला कोरड, डोकं जड, आणि ऑफिसला जाताना बसायला जागा मिळाली की मुलुंड यायच्या आत मान खाली.

झोपेत श्वास असा पुन्हा पुन्हा अडणं म्हणजे स्लीप ॲप्निया. अशा माणसाची स्लीप स्टडी (झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी) होते, अहवाल येतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ असते: ‘वजन कमी करा.’ ही ओळ ठाण्या-नवी मुंबईतल्या घरात, डब्यात आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये कशी अमलात आणायची, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वजन उतरवणं म्हणजे मशीनमधून (मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप) सुटका, असं समजून सुरुवात करू नका. मशीन आजची रात्र सांभाळतं. वजन उतरवल्याने घशावरचा भार काही महिन्यांत कमी होतो. दोन्ही बरोबर चालवायचं असतं.

चरबीचा घशाशी काय संबंध

जिभेमागचा घसा ही मऊ नळी आहे. नाकाला हाडांचा आधार असतो, श्वासनलिकेला कुर्चेची कडी असतात. मधल्या घशाला मात्र फक्त स्नायू धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. घशाच्या दोन्ही बाजूंना आणि खुद्द जिभेत चरबी साठलेली असेल, तर ती नळी आधीच अरुंद झालेली असते आणि उताणं झोपल्यावर जीभ मागे पडून उरलीसुरली वाट बंद होते. जिभेत चरबी साठते हे ऐकून लोक हसतात, पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये वजन उतरण्याआधी आणि नंतर एमआरआय काढून पाहिले. श्वास सुधारण्याशी सर्वांत जवळचा संबंध जिभेतली चरबी कमी होण्याचाच निघाला.

पोटाचाही वाटा असतो. झोपल्यावर पोटाची चरबी छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला वर ढकलते, फुप्फुसांत हवा कमी मावते, श्वासनलिकेला खालून मिळणारा ताण सुटतो आणि घसा आणखी ढिला पडतो. तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही: दिवसभर खुर्चीत बसून पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं. मिठाचा आणि संध्याकाळच्या चालण्याचा मुद्दा पुढे येईल, तो यामुळेच.

हे सगळं खरं असलं तरी प्रत्येकाचा ॲप्निया चरबीमुळेच होतो असं नाही. खालचा जबडा मागे असणं, मोठे टॉन्सिल, नाकाचा वाकडा पडदा यांमुळे सडपातळ माणसालाही तो होतो. आपल्याकडे लहान जबड्यामुळे थोड्याशा वाढलेल्या वजनावरही तो दिसतो. आणि मेंदूकडून श्वासाची सूचनाच नीट जात नाही असा ‘सेंट्रल’ प्रकार असेल, तर आहाराने त्यात फारसा फरक पडत नाही. अहवालात ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ (घसा बंद पडल्याने होणारा) लिहिलं आहे ना, ते आधी पाहा.

पहिली पायरी: आकडे लिहून ठेवा

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर पहिला आकडा एएचआयचा, म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा पूर्ण अडला किंवा उथळ झाला तो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. अडलेला श्वास मोजला जातो तो किमान १० सेकंदांचा, त्यामुळे ४० आकडा म्हणजे काय ते समजून घ्या: दर दीड मिनिटाला एकदा. शेजारी रात्रीतला सर्वांत कमी ऑक्सिजनही लिहा.

दुसरा आकडा मानेचा. शिंप्याची टेप कंठमण्याच्या जरा खाली, सैलही नाही आणि घट्टही नाही अशी धरा. पुरुषांत ४३ सेंटिमीटर (१७ इंच) आणि स्त्रियांत ४१ सेंटिमीटर (१६ इंच) यांच्या वर धोका वाढतो. तिसरा कमरेचा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. पँटचा नंबर हे कमरेचं माप नव्हे, कारण पँट पोटाच्या खाली बसते. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

वजन आठवड्यातून दोनदा, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर आणि त्याच फरशीवर. रोज करू नका. लोणचं-पापडाच्या एका जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो. ते पाणी असतं, पण मन खट्टू होतं.

रक्ताच्या तपासण्यांत साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल यांच्याबरोबर थायरॉईडची टीएसएच करून घ्या. थायरॉईड मंद असेल तर वजन, सुस्ती आणि घोरणं तिन्ही वाढतात, आणि नुसत्या डाएटवर माणूस उगाच महिने घालवतो.

दुसरी पायरी: मशीन लावा, आणि मगच डाएट

सीपॅप १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलं. तत्त्व अजून तेच: हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. ‘आधी दहा किलो उतरवतो, मग मशीनचं बघू’ हा विचार उलटा आहे. अपुऱ्या झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन खाली येतं, आणि दुपारी चार वाजता गोड-तळलेल्याची जी ओढ लागते तिच्यासमोर निश्चय टिकत नाही. शिवाय दिवसा पेंगुळलेला माणूस चालायला जात नाही. महिनाभर मशीनवर नीट झोपल्यावर डाएट सुरू केलेलं बरं.

पण मशीनने आपोआप वजन उतरतं असं नाही. उलट नियमित वापरणाऱ्यांचं वजन सुरुवातीला किंचित वाढलेलं दिसतं. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात जाणारी ऊर्जा वाचते आणि खाणं तेवढंच राहतं.

आणि मशीन लागेपर्यंत पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरला गाडी चालवताना एकदाही डुलकी आली असेल, तर गाडी घरी ठेवा. सरळ, गुळगुळीत रस्ता ॲप्नियाच्या माणसाला सर्वांत वाईट.

तिसरी पायरी: १० टक्क्यांचं लक्ष्य

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासाने २००० मध्ये मांडलेलं गणित आजही कामाचं आहे: वजन १० टक्के घटलं तर एएचआय सरासरी २६ टक्के घटतो, १० टक्के वाढलं तर ३२ टक्के वाढतो. म्हणजे चढ उतारापेक्षा जास्त वेगाने लागते.

९२ किलोच्या माणसाला उतरवायचे आहेत साधारण ९ किलो. ‘कॉलेजात होतो तसा ६५ किलो’ हे लक्ष्य नको. आठवड्याला अर्धा किलो धरला तर सव्वाचार महिने, आणि मधले सणवार धरून सहा. अर्ध्या किलोसाठी रोज सुमारे ५०० कॅलरींची तूट लागते. ती एकाच जागेवरून काढायला गेलं की माणूस उपाशी राहतो आणि तिसऱ्या आठवड्यात वडापावच्या गाडीवर सापडतो. चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी काढायची.

चौथी पायरी: तेलाचा कॅन

सुरुवात ताटापासून करू नका, किराणा मालाच्या यादीपासून करा. चौघांच्या घरात ५ लिटरचा कॅन महिन्यात संपतो का? मग हिशोब असा: ५००० मिलिलिटर, चार माणसं, तीस दिवस. माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३४० कॅलरी निव्वळ तेलाच्या. हेच घर महिन्याला २ लिटरवर आलं तर माणशी १७ मिलिलिटर होतात आणि रोजच्या २०० कॅलरी वाचतात. पोळी-भाताला हात न लावता पाचशेतल्या दोनशे इथेच निघाल्या. म्हणून आम्ही नेहमी तेलापासून सुरुवात करायला सांगतो.

करायचं असं. एक तारखेला २ लिटर तेल वेगळ्या बाटलीत काढा आणि बाकीचा कॅन वरच्या फळीवर ठेवा. फोडणीला पळी नको, ५ मिलिलिटरचा चमचा. चौघांच्या उसळीला चार चमचे. ‘एवढ्याशा तेलात मोहरी तडतडत नाही’ ही तक्रार हमखास येते, आणि ती खरी आहे, कारण सपाट बुडाच्या भांड्यात तेल पसरतं. गोल बुडाची लहान लोखंडी कढई घ्या, ती जरा कलती धरा म्हणजे तेल एका जागी गोळा होईल, मोहरी तिथे टाका, तडतडली की हिंग-हळद आणि लगेच कांदा. कांदा तळाला धरायला लागला की तेल न घालता पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवायचं. वांगं तेल पितं, म्हणून ते आधी गॅसवर भाजून घ्या. भेंडी धुऊन पुसून उघड्यावर परता. झाकण ठेवलं की चिकट होते आणि मग तेल वाढतं.

डाएटवाल्यासाठी वेगळी भाजी आणि घरासाठी वेगळी, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती थकते. एकच भाजी करा. मुलांना हवं तर ताटात वरून तूप वाढा.

पाचवी पायरी: प्रथिनं वाढवा, भाताशी भांडू नका

मराठी शाकाहारी ताटात पोळी, भात, बटाटा आणि आमटीचं पाणी असतं, डाळ तळाशी. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, अशक्तपणा येतो आणि भूक आवरत नाही. ९२ किलोच्या, मध्यम उंचीच्या माणसाने दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास धरावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

कशात किती मिळतं: दोन अंड्यांत १२ ग्रॅम. ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत ९-१०. ३० ग्रॅम सोया चंक्समध्ये १५. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, पण त्याबरोबर चरबीही येते, म्हणून ८० ग्रॅमच्या पुढे नको. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२०. मूठभर फुटाण्यांत (३० ग्रॅम) ६. आणि एका प्लेट कांदेपोह्यांत जेमतेम ४, म्हणूनच आठच्या पोह्यांवर अकराला भूक लागते. पोहे सोडायची गरज नाही. अर्ध्या पोह्यांत मोड आलेली मटकी घाला किंवा बरोबर उकडलेलं अंडं घ्या.

‘भात बंद’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. दिवाळे कोळीवाड्यापासून घणसोलीपर्यंत ज्या आगरी-कोळी घरांत तांदळाचीच भाकरी आणि भात, तिथे तो टिकणारही नाही. वाटीभर शिजलेला भात (१२० ग्रॅम) सुमारे १५५ कॅलरींचा असतो, म्हणजे दीड फुलक्याएवढा. एका जेवणात दोन फुलके, किंवा एक फुलका आणि लहान वाटीभर भात, किंवा एक भाकरी. अडचण होते ती दोन पोळ्या खाऊन ‘थोडासा’ म्हणून घेतलेल्या ताटभर भाताने. भात वाटीने मोजून ताटात उपडा करा, पातेल्यातून डावाने वाढू नका. मासे रव्यात लोळवून तळण्याऐवजी कालवण करा किंवा तव्यावर दोन चमचे तेलात झाकण ठेवून भाजा. चौघांच्या सुरमईच्या तुकड्यांना तळायला जेवढं तेल जातं, तेवढ्यात आठवड्याचं कालवण होतं.

नमुन्याचा एक दिवस, १६००-१७०० कॅलरींचा: सकाळी बिनसाखरेचा चहा, दोन अंडी आणि एक ज्वारीची भाकरी, शाकाहारी असाल तर भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी आणि दही. डब्यात दोन फुलके, मोठी वाटी मटकीची उसळ, एक पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही. अकरा-बाराच्या मधे एखादा पेरू. संध्याकाळी साडेसहाला फुटाणे. रात्री १५० ग्रॅम बांगड्याचं कालवण (नारळ एक चमचा, अर्धा नारळ नाही) किंवा सोया चंक्सची भाजी, एक भाकरी आणि परतलेली दुधी किंवा कोबी. कमी उंचीच्या, बैठ्या कामाच्या बाईंना यातली एक भाकरी आणि पेरू कमी.

चहाचं वेगळं सांगायला हवं. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर: ४० ग्रॅम, १६० कॅलरी. एकदम बंद केली तर डोकं दुखतं, चिडचिड होते. दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. दोन आठवड्यांत जीभ सरावते. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, झोप पातळ होते.

सहावी पायरी: साडेसहा ते अकरा

इथे सगळं बिघडतं. फोर्ट किंवा बीकेसीतून साडेसहाला निघालेला माणूस ठाण्याला आठला उतरतो, घोडबंदरच्या पुढे राहत असेल तर घरी नऊ. दुपारी एकनंतर पोटात काही नाही. स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि एक गोड चहा होतो, म्हणजे साडेसहाशे-सातशे कॅलरी, आणि घरी येऊन पुन्हा पूर्ण जेवण. साडेदहाला ताट उचललं, अकराला आडवा. भरलेलं पोट पडद्याला वर रेटतं, आम्ल घशाशी येतं, घसा सुजतो, आणि रात्रीचा पहिला प्रहर जातो.

उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. ऑफिसमधून निघण्याआधी ३० ग्रॅम फुटाणे आणि ग्लासभर ताक. पिशवीत पुडी ठेवा. ‘स्टेशनवर काहीतरी घेईन’ म्हटलं की काहीतरी म्हणजे वडाच होतो. घरी आल्यावर चपला काढून सोफ्यावर बसू नका, थेट ताटावर बसा: एक भाकरी, भाजी, मासे किंवा उसळ. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत असं सांगतात. ठाणेकराला ते जमत नाही, तर दोन तास तरी ठेवा आणि मधे इमारतीखाली वीस मिनिटं चाला. त्यानं पायांत साठलेलं पाणीही झोपण्याआधी थोडं ओसरतं. मशीनचा मास्क लावून जड जेवणावर झोपल्यास पोटात हवा भरण्याची तक्रारही वाढते.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या रात्रपाळीवाल्यांनी मुख्य जेवण कामावर निघण्याआधी, आठच्या सुमारास घ्यावं. रात्री एक-दोनला कॅन्टीनची बिर्याणी नको. उकडलेली अंडी, फळ, ताक पुरे. सकाळी घरी येऊन हलकी न्याहारी, मग झोप. आणि दिवसा झोपलात तरी मशीन लावायचं. ते रात्रीसाठी नाही, झोपेसाठी आहे. हे विसरणारे इतके आहेत की ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं.

दारू घशाचे स्नायू सैल करते, त्यामुळे सौम्य ॲप्निया त्या रात्रीपुरता मध्यम होऊ शकतो. पूर्ण सोडलेली उत्तम. ते जमत नसेल, तर झोपेच्या चार तास आधी थांबा आणि मशीन न लावता झोपू नका. पेगच्या सव्वाशे-दीडशे कॅलरींपेक्षा चकण्याच्या बशीत जास्त जातात. झोपेच्या गोळ्या स्वतःहून कधीच घेऊ नका.

मीठ दिवसाला चमचाभर, ५ ग्रॅम. भाजीतलं मीठ हा त्रास नसतो. सुका जवळा, खारवलेले बोंबील, पापड, फरसाण आणि लोणचं हा असतो. सुकं आठवड्यातून एकदा, आणि तेही पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून.

उपवासाने वजन उतरतं हा गैरसमज चतुर्थीला साबुदाणा खाणाऱ्या घरांत पक्का असतो. एका मोठ्या बशीत साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप मिळून पाचशेच्या आसपास कॅलरी होतात आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. वरीचा भात वाटीभर, दही, काकडी, राजगिऱ्याची भाकरी असा उपवास करा. गणपतीत दोन मोदक खा आणि त्या जेवणात भात घेऊ नका.

सातवी पायरी: चालणं

वजन मुख्यतः स्वयंपाकघरात उतरतं, पण व्यायामाचा ॲप्नियावर वेगळा फायदा आहे: वजन फारसं न हलताही एएचआय कमी झालेला अभ्यासांत दिसला आहे. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं, मग दर आठवड्याला ५ वाढवा. गुडघे कुरकुरत असतील तर उपवनचा सपाट काठ, वाशीचं सागर विहार, नेरुळचं ज्वेल किंवा खारघरचं सेंट्रल पार्क बरं. येऊरची चढण तीन महिन्यांनंतर. तलावपाळीला संध्याकाळी जाणार असाल तर खिशात पैसे नेऊ नका. चालण्याएवढंच तिथे खाणं होतं.

पावसाळ्यात चार महिने खंड पडतो आणि उतरलेलं परत चढतं. पर्याय आधीच ठरवा: इमारतीचे जिने, पोडियमवरच्या फेऱ्या. आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी खुर्चीवरून उठ-बस १० च्या तीन फेऱ्या, भिंतीवर हात टेकून दंड तेवढेच. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर आधी हृदयाची तपासणी; ॲप्नियाच्या लोकांत रक्तदाब आणि हृदयविकार नेहमीचे आहेत.

काय बिघडतं

पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो जातात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. त्यानंतर काटा मंदावतो आणि ‘डाएट चालत नाही’ म्हणून लोक सोडून देतात. तीन-चार आठवडे काटा खरंच हलला नाही, तर आधी तेलाची बाटली बघा, मग रविवार बघा. सहा दिवस वाचवलेल्या तीन हजार कॅलरी रविवारच्या मटण-वडे, दुपारची झोप आणि संध्याकाळच्या मिसळीत परत येतात.

मधुमेहाच्या गोळ्या (विशेषतः ग्लिमेपिराईड) किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोस तोच आणि जेवण अर्धं, तर साखर एकाएकी खाली येते: घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. पाच-सात किलो उतरल्यावर उठताना चक्कर आली तर डोस जास्त होत असू शकतो. गोळी स्वतः बंद करू नका, रक्तदाब मोजून दाखवा.

महिन्याला सहा-आठ किलोची जाहिरात दिसली तर दुरून नमस्कार. फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

मास्कचं कुणी सांगत नाही. चेहरा उतरला की मास्क सैल होतो, नाकाच्या बाजूने फुस्स हवा निघते, डोळे कोरडे पडतात. लोक पट्टे करकचून आवळतात आणि नाकावर व्रण पडतो. आठ-दहा किलोंनंतर मास्कची लहान मापाची गादी लागू शकते. मशीनमधला गळतीचा आकडा वाढत गेला की तीच खूण. ठरावीक दाबाचं मशीन असेल तर दाबही आता जास्त वाटू लागतो, तो तपासून घ्यावा लागतो.

औषधं, शस्त्रक्रिया

टिर्झेपटाईड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) मान्यता दिली. चाचणीत वर्षभरात एएचआय तासाला २५ ते ३० ने घटला होता, नुसत्या डमी इंजेक्शनवर पाचाच्या आसपास. ते मार्च २०२५ पासून आपल्याकडेही मिळतं. महाग आहे, मळमळ होते, आणि थांबवल्यावर वजन परत येण्याची प्रवृत्ती असते. त्यावर असताना भूक इतकी मरते की प्रथिनं राहून जातात, म्हणून पाचवी पायरी तेव्हा जास्तच महत्त्वाची. खूप जास्त वजन असेल तर वजन उतरवण्याच्या (बेरिॲट्रिक) शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टरांबरोबर करावा. भूल देणाऱ्यांना ॲप्निया आहे हे आधी सांगायचं आणि मशीन बरोबर न्यायचं.

आठवी पायरी: पुन्हा स्लीप स्टडी

१० टक्के उतरले की पुन्हा तपासणी. घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला, असा निष्कर्ष काढू नका. आवाज कमी होऊनही श्वास अडत राहू शकतो. मशीनच्या पडद्यावर एएचआय २ दिसतो, तो मशीन चालू असतानाचा. त्यावरून स्वतःचा आकडा कळत नाही. मशीनशिवायची चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करायची, आणि ती रात्र नेहमीसारखी असावी: दारू नाही, सर्दी नाही, उताणं झोपण्याचा काही वेळही नोंदलेला.

अपेक्षा नेमकी ठेवा. मधुमेही, जास्त वजनाच्या लोकांवरच्या २००९ मधल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात वर्षभरात सरासरी साडेदहा किलोंहून जास्त वजन उतरलेल्या गटात ॲप्निया पूर्ण गेला तो १३.६ टक्के लोकांचा. नेहमीचा सल्ला दिलेल्या गटात ३.५ टक्के. काहींचा तो पूर्ण न जाता एक पायरी खाली येतो: तीव्रचा मध्यम, मध्यमचा सौम्य. रक्तदाब, साखरही सुधारते. सौम्य ॲप्नियापासून सुरुवात करणाऱ्याची सुटण्याची शक्यता अर्थातच ६० एएचआयवाल्यापेक्षा जास्त.

आकडा ५ च्या खाली आला आणि डॉक्टरांनी मशीन थांबवायला सांगितलं, तरी ते ओएलएक्सवर टाकायची घाई करू नका. टाकीतलं पाणी ओतून, नळी वाळवून, फिल्टर काढून ठेवून द्या, ठाण्याच्या दमट हवेत बुरशी धरायला पंधरा दिवस पुरतात. फ्रिजवरच्या त्या कागदावर एक नवी रेघ मारा: आजचं वजन अधिक ३ किलो. काटा तिथे पोचला, किंवा घरच्यांना रात्री पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला, की मशीन कपाटातून बाहेर काढायचं आणि तपासणीची वेळ घ्यायची.